सोवळ्याचे माहेर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पुष्कळ घरांतून एक घडी बाहेर निघते. वर्षभर ती ट्रंकेच्या तळाशी, कडुनिंबाच्या पाल्यात नाही तर डांबराच्या गोळ्यांत निजलेली असते. कोणी तिला सोवळे म्हणतो, कोणी मुकटा, कोणी कद. रंगाने ती मधासारखी, हाताला किंचित खरबरीत, आणि नेसताना तिची अशी काही सळसळ होते की, स्वयंपाकघरातल्या माणसालाही न पाहता कळावे, यजमान पूजेला निघाले. पीतांबर झाला श्रीमंतांचा, धाबळी गरिबाची. या दोहोंच्या मधल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आले ते हे टसरचे वस्त्र. वैनगंगेच्या मुलखात त्याला कोणी टसर म्हणत नाही; तिथे तो कोसा.

या वस्त्राचे शास्त्र आपल्या आज्यांना तोंडपाठ होते. सुती धोतर रोज धुवावे, कोणाचा हात न लागेल असे उंच काठीवर वाळवावे, तेव्हा ते पूजेला चालायचे. कोशाला हा खटाटोप नाही. तो एकदा धुतला की दिवसच्या दिवस शुद्ध. पण एकदा का तो अंगावर चढला की माणूस अस्पर्श झाला! मग पोटच्या पोरानेही शिवायचे नाही. शिवले तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. घरातल्या लेकराचा स्पर्श ज्या वस्त्राला चालत नाही, ते वस्त्र आपल्या देवघरात येईपर्यंत किती जणांच्या हातांतून आले असेल, हा प्रश्न मात्र सोवळे नेसणाऱ्यांनी फारसा विचारलेला दिसत नाही. या लेखात तोच विचारायचा आहे.

आधी थोडे जुने. रेशमाला संस्कृतात कौशेय म्हणतात. कोशापासून झालेले ते कौशेय, ही फोड पाणिनीला ठाऊक होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कौशेयाच्या जोडीला 'पत्रोर्णा' नावाचे एक वस्त्र येते. पत्रोर्णा म्हणजे पानांवरची लोकर. मगध, पुंड्र वगैरे देशांची नावे तिच्यापुढे दिली आहेत आणि ती कोणकोणत्या झाडांवर होते तेही सांगितले आहे. झाडांवर होणारी लोकर म्हणजे रानरेशीमच, असे पुष्कळ पंडितांचे मत आहे. मनुस्मृतीने रेशीम आणि लोकर यांच्या शुद्धीला खारी माती पुरेशी मानली. सोवळ्याच्या खटल्यात रेशीम-लोकरीची जी वेगळी बैठक आहे तिचे मूळ इतके मागे जाते.

पण ग्रंथांहून जुना पुरावा मातीत निघाला, आणि तोही आपल्या महाराष्ट्रात. १९५४ ते ५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या देखरेखीखाली नेवाशाला उत्खनन झाले. ताम्रपाषाण युगातल्या एका लहान मुलाच्या दफनात गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मणी ज्या दोऱ्यात ओवले होते त्याचा अंश तांब्याच्या गंजाने टिकवून ठेवला होता. त्या दोऱ्यात कापसाबरोबर रेशमाचाही अंश असल्याचा निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, २००९ साली, हडप्पा आणि चन्हुदडो येथल्या दागिन्यांत अडकलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, आणि तेही रानरेशमाचे निघाले. म्हणजे तुतीच्या पानांवर पोसलेले चिनी रेशीम आपल्याकडे रुळण्यापूर्वी इथल्या माणसाने इथल्या रानातला कोष उकलला होता.

ते रान आजही आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते, आणि त्या एकाचे जुने नाव चांदा. गोंड राजांचे हे राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेले, आणि शंभर वर्षांनी भोसल्यांबरोबरच इंग्रजांकडे. राजे आले नि गेले, पण या मुलखाचा खरा धनी म्हणजे इथले ऐनाचे झाड. सागाला मान मिळतो तो लाकडाच्या किमतीमुळे. ऐन बिचारा खवलेदार सालीचा, मगरीच्या पाठीसारखा उभा. पण त्याच्या पानांवर आणि त्याच्या चुलतभावाच्या, म्हणजे अर्जुनाच्या, पानांवर कोशाची अळी वाढते.

ही अळी वाढवणे हा धिवरांचा धंदा. धिवर म्हणजे मासे धरणारे, तळ्यांत शिंगाडा लावणारे, नावा चालवणारे लोक. पाण्याची ही माणसे रानात कशी शिरली, याचे उत्तर पावसाळ्यात आहे. नद्या फुगल्या, मासेमारी अडली की, त्यांनी ऐनाच्या बनात झोपडी घालावी आणि पीक काढावे. पहिले पीक पावसाळ्यात, दुसरे पावसाळा सरता सरता. हे दुसरे पीकच खरे कमाईचे, आणि ते दिवाळीच्या आगेमागे झाडावर असते. आपण इकडे फराळाची ताटे लावतो तेव्हा धिवर राखणीला बसलेला असतो.

राखण कशी, ते ऐकण्यासारखे आहे. बियाण्याचे कोष टांगून ठेवतात. त्यांतून पाखरे निघतात; नर-मादीची जोडी जमते; मादी दीड-दोनशे अंडी घालते. आठ-दहा दिवसांत अंडी फुटतात. नखाएवढ्या अळ्या पानांच्या द्रोणांत घालून ते द्रोण ऐनाच्या फांदीला काट्याने टाचतात. त्यानंतरचा महिना-सव्वा महिना अळी फक्त खाते. चार वेळा कात टाकते आणि शेवटी बोटभर लांब, अंगठ्याहून जाड, पानाच्याच हिरव्या रंगाची होते. एका झाडाचा पाला संपला की, अळ्यांसकट डहाळ्या कापून दुसऱ्या झाडावर न्यायच्या. तुतीची अळी घरात, टोपलीत, पांघरुणाखाली वाढते. ही उघड्या आभाळाखाली. पाऊस, वारा, कावळे, मुंग्या, सरडे, गांधीलमाश्या सगळे तिचे वैरी. म्हणून दिवसा गोफण घेऊन पाखरे हाकलायची आणि रात्री झोपडीत कान टवकारून पडायचे. शेवटी ती फांदीला देठ बांधते आणि त्या देठाला स्वतःला कोंडून घेते. हे देठ या कोशाचे खास लक्षण. कोंबडीच्या लहानशा अंड्याएवढा, सुपारीसारखा टणक कोष झाडाला फळासारखा लोंबत राहतो. कौटिल्याच्या काळच्या लोकांना हे झाडाचेच उत्पन्न वाटले असेल तर त्यांना दोष देता येत नाही. शास्त्रज्ञांनी या अळीच्या एका प्रकाराला 'भंडारा' असे आपल्या शेजारच्या जिल्ह्याचेच नाव देऊन ठेवले आहे.

आता या सगळ्यातली खरी नवलाची गोष्ट. बंगाल-छोटा नागपुरापासून मध्य हिंदुस्थानापर्यंत टसर जोपासणाऱ्या जमातींविषयी एकोणिसाव्या शतकात ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्यांनी एक चाल आवर्जून नोंदवली आहे. अळी झाडावर असेपर्यंत राखणाऱ्याने व्रतस्थ राहायचे. रोज स्नान करायचे, एकवेळ साधे अन्न खायचे, मासमच्छर वर्ज्य, तेल लावायचे नाही, बायकोजवळ जायचे नाही. विटाळाचा वारा बनात येऊ द्यायचा नाही. नाही तर अळी रुसते, मरते. साथीच्या रोगाने एका रात्रीत सगळे पीक काळवंडून गळून पडते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे नियम निव्वळ भाबडेपणाचे वाटणार नाहीत. रोज आंघोळ करून येणारा, तेलकट-मासळीचे हात अळीला न लावणारा राखणदार अळीच्या दृष्टीने बराच असणार. पण कारण काहीही असो, घडते ते असे की, मासे मारून पोट भरणारा मनुष्य या वस्त्रासाठी मासे सोडतो. मुकट्यातले यजमान पाटावर बसतात तास-दीड तास; धिवराचे सोवळे सव्वा महिन्याचे.

मग सोवळ्याला नको असलेली एक गोष्ट येते. कोषातला जीव पाखरू होऊन बाहेर पडला तर तो कोष भोकसतो आणि सलग धागा मिळत नाही. म्हणून कोष वाफेवर नाही तर उन्हात मारावे लागतात. अहिंसेचे स्तोत्र म्हणताना अंगावर जे वस्त्र असते त्याच्या प्रत्येक वीतभर लांबीत असे जीव गेलेले असतात, याची टोचणी जुन्या काळी कोणाला लागली नसेल असे नाही. जैनांनी या मुद्द्यावर रेशीम टाकले. फुटक्या कोशांचे, म्हणजे पाखरू उडून गेल्यावर उरलेल्यांचे, सूत कापसासारखे कातून काढता येते. ते जाडसर, गाठीगाठींचे असते, पण त्याला कोणाचा जीव लागत नाही. सावलीचे नाव या संदर्भात आठवते. चांदा जिल्ह्यातल्या या गावी चरखा संघाचे मोठे केंद्र होते, आणि १९३६ साली गांधी सेवा संघाचे संमेलन तिथे भरले तेव्हा गांधीजी स्वतः आले होते. हाताने कातण्याची परंपरा त्या मुलखात आधीपासूनच जिवंत होती, म्हणून तर ते केंद्र तिथे निघाले.

कोष उकळला की धागा सुटतो. पाच-सहा कोषांचे तंतू एकत्र घेऊन, उघड्या मांडीवर तळहाताने पीळ देत बाया तो ओढत. मांडी सोलवटून निघे. हे काम करणाऱ्या बायकांचे नाव कोणत्याही पोथीत नाही. गेल्या काही वर्षांत यासाठी छोटी यंत्रे आली आहेत आणि मांडीवरचे सूत बंद व्हावे असा सरकारचाही प्रयत्न आहे. या प्रगतीबद्दल कोणी हळहळू नये.

पुढचे काम कोष्ट्याचे. कोष्टी हे नावच कोशावरून पडले असावे, असे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातल्या जातिजमातींच्या ग्रंथात म्हटले आहे. तिथेच त्यांनी कोष्ट्यांची उत्पत्तिकथाही नोंदली आहे. मार्कंड ऋषीने कमळाच्या तंतूंचे पहिले वस्त्र विणले आणि ते देवांना नेसायला दिले. पुढे सूर्याच्या कन्येशी त्याचे लग्न झाले. आंदण मिळाले ते एक राक्षस आणि एक वाघ! राक्षस ऐकेना. ऋषीने त्याला मारले आणि त्याच्या हाडांचा पहिला माग केला. वाघ मात्र आज्ञेत राहिला. म्हणून रानात वाघ आडवा आला तर कोष्ट्याने मार्कंडाचे नाव घ्यावे, वाघ वाट सोडतो. आणि आजवर एकाही कोष्ट्याला वाघाने मारलेले नाही, असे ते लोक सांगत.

कथा मोठी गोड आहे, पण तिची भूमी ध्यानात घेतली तर ती नुसती गोड राहत नाही. चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंडा देवस्थान आहे. शिल्पांनी लगडलेली जुनी देवळे तिथे उभी आहेत, आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. आणि वाघ? तो चंद्रपुरात आजही भरपूर आहे; ब्रह्मपुरी, सावली, मूल या बाजूला त्याची नि माणसाची गाठ वारंवार पडते आणि मोहफुले, सरपण, तेंदूपाने आणायला गेलेली माणसे त्यात दगावतात. कोष्टी मागावर बसतो. वाघाच्या रानात रात्रभर बसतो तो धिवर. मार्कंडाचा ताईत मात्र कथेने कोष्ट्याच्या गळ्यात बांधला!

कोशाचे सर्वांत देखणे रूप म्हणजे करवती काठाची साडी. अंग कोशाचे, त्याच्या मूळच्या मधाळ रंगाचे. काठ सुती, लाल, काळे किंवा हिरवे. आणि दोन्हींच्या सीमेवर करवतीसारखे दाते. हे दाते छापलेले नसतात की भरलेले नसतात. माग चालतो तो तीन धोट्यांवर: मधला अंगाचा, कडेचे दोन काठांचे. दर फेकीला काठाचा बाणा नि अंगाचा बाणा एकमेकांना गळामिठी मारून परत फिरतात, आणि हे वळण एकेक पाऊल पुढे-मागे सरकवत नेले की दाता होतो. काठ सुती ठेवण्याचे कारण उघड आहे. टसर रंगाला हट्टी, सूत रंगाला राजी. शिवाय कोश महाग. काटकसरीतून शोभा निघाली. नागभीड ही त्याची चंद्रपूरकडची पेठ, आरमोरी गडचिरोलीकडची, आणि पलीकडे भंडाऱ्यातली पवनी, मोहाडी, आंधळगाव. महालक्ष्म्यांच्या जेवणाला, मुंजीत, लग्नात सासूने सुनेला, अशी ही साडी विदर्भातल्या घरांत नेसली गेली. आता तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

पुष्कळदा ही करवत पाहून लोक तिला पाटोळ्याची बहीण समजतात. तसे नाते नाही. पाटोळ्यात, किंवा प्राणहिता-गोदावरी ओलांडली की तेलंगणात जी पोचमपल्लीची वस्त्रे नि तेलिया रुमाल होतात त्यांत, सूत आधी गाठी बांधून रंगवतात आणि मग विणतात. म्हणून त्या नक्षीची कड किंचित थरथरलेली, पाण्यात पाहिल्यासारखी दिसते. करवतीचा दाता धारदार असतो, कारण तो मागावरच जन्मतो. पण पाटोळ्याचाही एक धागा महाराष्ट्रात अडकलेला आहे. पाटणच्या साळवी विणकरांची परंपरा सांगते की, बाराव्या शतकात राजा कुमारपालाने आपल्या पूर्वजांची सातशे कुटुंबे जालन्याहून पाटणला नेली, ती पूजेला रोज नवे, अस्पर्श वस्त्र मिळावे म्हणून. म्हणजे तिथेही मूळ भानगड सोवळ्याचीच!

आता तो पहिला प्रश्न. इतक्या हातांतून आलेले वस्त्र शुद्ध कसे? शास्त्रकारांना ही अडचण सुचली होती, आणि त्यांनी वाट काढून ठेवली. मनुस्मृती म्हणते, कारागिराचा हात नेहमीच शुद्ध असतो. केवढी सोय! विणणाऱ्याचा हात शुद्ध, म्हणून वस्त्र शुद्ध. पण तो हात ज्या खांद्याला जोडलेला आहे तो मनुष्य शुद्ध, असे कोणी म्हणाले नाही. धिवराच्या हातचे पाणी ब्राह्मणाला चाले. त्याच धिवराने सोवळ्यातल्या यजमानाला शिवलेले चालत नसे, मग ते सोवळे त्यानेच व्रतस्थ राहून पिकवलेले का असेना. नागपूर-चांदा भागात जाडेभरडे सुती कापड विणण्याचा मोठा धंदा महारांचा होता. त्या कापडावर पाणी पडले की ते 'धूतवस्त्र' होऊन देवघरात जाई, विणणारा मात्र वेशीबाहेर. माझे स्पष्ट मत असे की, सोवळ्याच्या सगळ्या व्यवहारात खरे सोवळे जर कोणी पाळले असेल तर ते ऐनाच्या बनातल्या झोपडीत पाळले गेले.

इंग्रजी अमदानीत दोन तडाखे बसले. नागपूरला १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि त्याच्या आधीपासून मँचेस्टरचे कापड येतच होते. बारीक सुताचे विणकाम हां हां म्हणता खाली बसले. कोशाने मात्र दम धरला, कारण ऐनाचे बन गिरणीत नेता येईना. त्याला धक्का दिला तो दुसऱ्याच बाजूने. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या जंगल कायद्यांनी रान सरकारी झाले. ज्या झाडावर आजा-पणजाने अळ्या चढवल्या त्या झाडाखाली बसायला धिवराला परवाना लागू लागला. डहाळी तोडणे हा गुन्हा झाला, आणि डहाळी तोडल्यावाचून तर अळी एका झाडावरून दुसऱ्यावर नेता येत नाही. त्यानंतर चीन-कोरियाकडचे सूत, नकली रेशीम आणि यंत्रमाग आले. आज बाजारात शिवलेले तयार सोवळे मिळते, त्याला मोबाइलपुरता खिसाही असतो. त्यात कोष नाही, अळी नाही, ऐन नाही. हिंसा टळली, हे त्यातल्या त्यात समाधान.

२००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला. गौण वनोपजाची व्याख्या करताना त्यात बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपाने यांच्या ओळीत टसर आणि कोष यांचीही नावे घातली. गंमत अशी की, हे सारे 'वनस्पतिजन्य' म्हणून दिले आहे. कौटिल्याची पत्रोर्णा दोन हजार वर्षांनी दिल्लीत पुन्हा झाडाला लागली! त्या कायद्याखाली २००९ साली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि देशभर त्याचे नाव झाले. पण धिवर महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या यादीत नाहीत. त्यांची गणना भटक्या जमातींत होते. त्यामुळे कायद्याच्या भाषेत ते 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतात, आणि अशांनी १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, त्याच जागी राहत असल्याचा पुरावा दाखवायचा असतो. आंदण मिळालेला वाघ कोणी मागत नाही. १९३० सालचा कागद मागतात. आणि ज्याची झोपडी पिकागणिक उभी राहते नि मोडते, त्याच्याजवळ १९३० सालचे काय असणार? असतील तर ऐनाची झाडे.